भ्रमालाही जात चिकटते

एखाद्या पोराला ठाम वाटू लागते की गावातली अमुक मुलगी आपल्यावर प्रेम करते. ती त्याच्याशी दोन शब्दही बोललेली नसते. तिने तोंड फिरवले, तर त्यातही त्याला खूणच दिसते. घरच्यांनी डोके आपटले तरी पटत नाही. हे लफडे नव्हे, आजार आहे. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ द क्लेराम्बो यांनी 1921 साली या प्रेमभ्रमाचे सविस्तर वर्णन केले. स्किझोफ्रेनियातही तो आढळतो, आणि भ्रमातली व्यक्ती बहुधा रुग्णापेक्षा वरच्या दर्जाची असते.

आता हा 'वरचा दर्जा' ठरवतो कोण? आजार जगभर आहे. पण भ्रमाला लागणारे सामान माणूस आपल्या समाजातूनच उचलतो. कुणाला सिनेमातला नट सापडतो, कुणाला कचेरीतला साहेब. सातारा-सांगलीच्या खेड्यात वरचा म्हणजे वाड्यातला, आणि वाडा कुणाचा हे आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे बौद्धवाड्यातल्या रुग्ण पोराचा भ्रम गावाची वेस ओलांडणार. पाटलाचे पोर भ्रमले तर त्याला मिरजेच्या सरकारी दवाखान्यात नेतील. आमच्या पोराला कोण नेणार? जानेवारी 2012 मध्ये पाटण तालुक्यातील मुळगावात मुलगा सवर्ण मुलीबरोबर निघून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून मारहाण झाली. तिथे प्रेम खरे होते. भ्रमाची गय कोण करील?

उलटेही घडते. सवर्ण मुलगी खरोखरच आमच्या मुलावर प्रेम करते, तेव्हा 'हिला वेड लागले, करणी झाली' म्हणून कोंडतात. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो : समाजाच्या रूढी मोडल्या म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. हे कलम किती पोलीस पाटलांनी वाचले असेल?

आपल्या घरातही दोष आहेत. 1956 ला देव सोडले, पण पोरगा बिघडला की काही घरे अजून मांढरदेव गाठतात. औषधे 1950 च्या दशकापासून आहेत! येरवडा, रत्नागिरीची मनोरुग्णालये लांब पडतात हे खरे, पण मिरज आणि साताऱ्याचे सिव्हिल जवळ आहे. 14416 वर फोन फुकट आहे. छेडछाडीची तक्रार आली की कार्यकर्त्यांनी त्या मुलीची भीती आधी ऐकावी, ती खरी असते. मग पोराला लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे आणि केसपेपर जपून ठेवावा. त्यावरची तारीख भांडण पेटण्याआधीची असली पाहिजे.