प्रकाशतंतूतील लेसर आणि औंढ्याची वेधशाळा

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांचा गुरुबोध लाभला, असे परंपरा सांगते. त्या औंढ्याच्या परिसरात आता गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या 'लायगो-इंडिया' प्रकल्पास मंजुरी दिली.

या वेधशाळेत दुर्बीण नसेल. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांत एकच लेसर किरण दुभंगून सोडला जाईल आणि आरशांवरून परतलेल्या दोन्ही भागांचा मेळ तपासला जाईल. दूरच्या कृष्णविवरांच्या मिलनातून उठलेली लहर जाताना या अंतरात पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाच्या आसपास असतो. तो हेरावयाचा तर प्रकाश विपुल हवा. प्रकाश कणाकणांनी येतो आणि कण थोडे असले की त्यांच्या अनियमित आगमनाचाच गोंगाट होतो. शक्ती चौपट केली तर हा गोंगाट तुलनेने निम्मा होतो.

अमेरिकेतील लायगोचा लेसर स्फटिकावर आधारलेला आहे. विद्यापीठांतील संशोधकांचे लक्ष मात्र काचेच्या तंतूकडेही वळले आहे. तंतूच्या गाभ्यात यटर्बियम हे मूलद्रव्य मिसळतात. भोवतालच्या आवरणात सोडलेला डायोडचा प्रकाश ते शोषून घेते आणि गाभ्यातून जाणारा किरण वाटेत बलवान होत जातो. तंतू बारीक व लांब असल्याने उष्णता सहज निघून जाते. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने २००४ मध्ये अशा एकाच तंतूतून १.३६ किलोवॅट शक्ती मिळविली. आज कारखान्यांत पोलादाचे पत्रे कापण्याचे काम तंतू-लेसर करतात.

पण पत्रा कापणे निराळे आणि लहर मोजणे निराळे. वेधशाळेला अगदी एकाच कंप्रतेचा, शुद्ध प्रकाश लागतो. असा प्रखर प्रकाश अरुंद गाभ्यात कोंडला की तो काचेतच ध्वनिलहरी निर्माण करतो आणि त्या लहरी प्रकाशाला उलट परतवतात. यास ब्रिल्वाँ विकिरण म्हणतात. गाभा रुंद करावा तर किरणाचा आकार बिघडू लागतो. विशिष्ट शक्तीपलीकडे तो उष्णतेमुळे एकाएकी डळमळतो. या कात्रीतून वाट काढीत जर्मनीतील हानोफर येथील संशोधकांनी २०१९ मध्ये २०० वॅटच्या घरातील एकाच कंप्रतेचा किरण तंतूतून मिळविला. मात्र महिनोन्‌महिने अखंड चालणे ही खरी परीक्षा होय, कारण लेसर बंद असताना आलेली लहर पुन्हा येत नाही.

भारतातही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उच्च शक्तीच्या तंतू-लेसरवर संशोधन चालते, तर कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत खुद्द तंतू घडविण्याचे काम होते.