नमुन्यावरून शाळेची पारख

एखाद्या तालुक्यातील हजारो मुलांपैकी निम्म्यांस वाचता येते, असे समजू. तपासनिसाने चिठ्ठ्या टाकून २५ मुले तपासली, तर वाचणारी मुले नेमकी निम्मी निघतीलच असे नाही. एकदा ११ निघतील, दुसऱ्यांदा १४. असे पुष्कळ नमुने घेतल्यास त्यांतील प्रमाणे खऱ्या प्रमाणाभोवती दाटीने जमतात. शंभरांतील सुमारे ९५ नमुने ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान पडतात. नमुना चौपट, म्हणजे १०० मुलांचा केला, की हा पसारा निम्मा होऊन ४० ते ६० टक्क्यांवर येतो. सरासरी गुणांसही हाच नियम लागू आहे.

शिक्षकांनी याचा प्रयोग वर्गात करावा. पुष्कळ चिंचोके घेऊन निम्म्यांवर चुन्याचा ठिपका द्यावा. न पाहता २५ काढून ठिपक्यांचे मोजावेत. ते परत टाकून ढवळावेत. प्रत्येक खेपेचा आकडा फळ्यावर मांडावा, म्हणजे मुलांस नियम प्रत्यक्ष दिसेल.

मात्र पुढे बसणारी हुशार मुलेच निवडली, तर संख्या वाढवूनही दोष जात नाही. आणि पाच मुलांच्या उत्तरांवरून शाळेस नावे ठेवणे अथवा तिची पाठ थोपटणे, दोन्ही न्यायास धरून नाही.