घरचा संगणक – लेखांक ७ : चंद्रपूरच्या उन्हात ऑल-इन-वनवर गेम

मे महिन्यात आपल्याकडच्या घराघरांतली एक तक्रार ठरलेली. ऑल-इन-वनवर व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ लावला की पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास चालतो, मग चित्र अडखळायला लागतं. मशीन कमी पडतंय, नवीन घ्या, असा सल्ला लगेच मिळतो. घाई करू नका.

ऑल-इन-वनमध्ये अख्खा संगणक पडद्याच्या पाठीमागे दोन-तीन बोटांच्या जागेत कोंबलेला असतो. म्हणून बहुतेकांत लॅपटॉपच्या जातीचा प्रोसेसर असतो आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. उष्णता बाहेर काढायला तांब्याची एक चपटी नळी, धातूच्या पातळ पट्ट्या आणि एक छोटा पंखा, एवढाच सरंजाम. चिप ९५-१०० अंशांच्या आसपास गेली की ती जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करते. उष्णता किती झपाट्याने बाहेर पडेल, हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंशांवर असेल तर ९५ पर्यंत ७० अंशांचा फरक मिळतो. बाहेर पारा ४६-४७ वर आणि खोलीत ४५ असेल, तर उरतात फक्त ५०. पंखा तेवढाच फिरला तरी उष्णता जवळपास ३० टक्के कमी बाहेर जाते, आणि चिपला तेवढ्या कमी विजेत भागवावं लागतं.

त्यात आपल्याकडची धूळ. घुग्घूस, दुर्गापूर, बल्लारपूरकडच्या घरांत खिडकीच्या चौकटीवर कोळशाची काळी भुकटी बसते, तीच त्या पट्ट्यांमध्येही जाऊन बसते. उन्हाळ्याआधी मागचं झाकण उघडून ब्लोअरने ती काढून घ्या. पंख्याचं पातं मात्र धरून ठेवा, झोताने गरगर फिरलं तर बेअरिंग जातं.

कूलर लावला की कोरड्या हवेत खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरते, आणि गेमलाही त्याचा फायदा होतो. पण मशीन थेट झोतात नको. तुषारांबरोबर पाण्यातले क्षार आत जातात. गडचिरोलीकडे, जिथे पावसाळ्यात वीज येते-जाते, तिथे यूपीएस हवाच, कारण ऑल-इन-वनला सहसा बॅटरी नसते.

रॅमकडेही बघा. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन लावल्या की ५१.२. म्हणून ८ जीबीची एक असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल, तर तशीच दुसरी टाका. माझ्या मते याच्याइतका स्वस्त आणि ठळक फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. गेमचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० केलं तर प्रत्येक चित्रात २०,७३,६०० ऐवजी ९,२१,६०० ठिपकेच रंगवावे लागतात.

आणि मुलगा मुख्यतः गेमसाठीच संगणक मागत असेल, तर ऑल-इन-वन घेऊ नका. त्याच पैशांत मोठ्या पंख्यांचं कॅबिनेट घ्या. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षीही बसवता येईल.