सतत विजेला जोडलेला फोन

घरांतील जुना फोन टाकून न देतां त्याला दुसऱ्या एखाद्या कामाला लावणें, ही काटकसर आजकाल पुष्कळ शहरी कुटुंबांत दिसते. नवा फोन आला म्हणजे जुना फोन दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत पहाऱ्याला बसतो. अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे त्याच्या कॅमेऱ्यांतून कचेरींत बसूनहि लक्ष ठेवतां येतें. कोठें तो स्वयंपाकघरांत गाणीं ऐकवतो, कोठें उशाशीं घड्याळाचें काम करतो. या सर्व ठिकाणीं एक गोष्ट समान असते: चार्जरची तार एकदां लावली कीं ती महिनोन् महिने काढली जात नाहीं. फोन ऐन वेळीं बंद पडूं नये हा त्यांतील हेतु रास्तच आहे. परंतु कांहीं काळानें असें दिसून येतें कीं, वीज गेली कीं फोनहि थोड्याच वेळांत मालवतो. किंवा त्याची पाठ फुगून पुढची कांच वर उचलली जाते. अहोरात्र वीज मिळत असतां बॅटरी निकामी कां व्हावी, असा प्रश्न मग घरांतील मंडळींना पडतो.

याचें उत्तर समजण्यासाठीं कांहीं जुने समज आधीं बाजूला ठेवले पाहिजेत. घरांतील इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा शिसें व गंधकाम्ल यांची असते. तिला सदैव भरलेली ठेवणेंच हितकारक. ती रिकामी पडून राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर क्षाराचा कठीण थर धरतो आणि तिची शक्ति कायमची मंदावते. तिच्यावरून लोकांनीं ठरविलें कीं, बॅटरी जितकी भरलेली तितकी सुरक्षित. निकेल-कॅडमियम जातीच्या बॅटऱ्यांमुळें 'पूर्ण उतरवावी, मग पूर्ण भरावी' असा दुसरा नियम रूढ झाला. फोनमधील बॅटरी या दोन्ही घराण्यांतली नव्हे. ती लिथियम-आयन जातीची आहे. सोनी कंपनीनें ही बॅटरी १९९१ मध्यें बाजारांत आणली. आणि तिचा शास्त्रीय पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हिचा स्वभाव इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या अगदीं उलट आहे. काठोकाठ भरलेल्या स्थितींत दीर्घकाळ राहणें हिला सोसत नाहीं.

असें कां, तें तिच्या रचनेवरून कळतें. आंत एका बाजूस कोबाल्टसारख्या धातूचें लिथियमयुक्त ऑक्साइड असतें, दुसऱ्या बाजूस ग्रॅफाइट. मध्यें एक सच्छिद्र पापुद्रा व द्रव. बॅटरी भरतांना लिथियमचे विद्युत्भारित कण ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या पदरांत जाऊन बसतात, आणि फोन वापरतांना परत स्वस्थानीं येतात. बॅटरी अर्धी भरलेली असतां तिचा दाब सुमारें ३.८ व्होल्ट असतो. पूर्ण भरली म्हणजे तो ४.२ व्होल्टवर, आणि अलीकडच्या पुष्कळ फोनांत ४.४ च्या आसपास चढतो. हा फरक दिसावयास लहान आहे; पण त्या दाबाखालीं, बरेंचसें लिथियम गमावलेलें ऑक्साइड अस्थिर होतें व द्रवावर हळूहळू विपरीत क्रिया करूं लागतें. ग्रॅफाइटवरील सूक्ष्म थरहि जाड होत जातो आणि त्यांत कांहीं लिथियम कायमचें अडकून पडतें. जें अडकलें तें पुन्हां ये-जा करीत नाहीं. तेवढी बॅटरीची साठवण घटली. शिवाय द्रवाच्या विघटनांतून वायु निर्माण होतो, आणि बंद पाकिटांतून त्याला वाट नसल्यामुळें पाकीट फुगतें.

चार्जर लावून ठेवला म्हणजे बॅटरींत वीज सारखी कोंबली जाते, असें मात्र नव्हे. आंकडा शंभरावर आला कीं फोनमधील यंत्रणा भरणें थांबवते. किंचित् उतरला कीं पुन्हां भरते. हानि होते ती शंभराच्या शिखरावर दिवसानुदिवस उभें राहण्यानें. त्यांत उष्णतेची भर पडली म्हणजे ही हानि अनेक पटींनीं वेगानें होते. या विषयांत नेहमीं दिले जाणारे ठोकळ आंकडे पाहण्यासारखे आहेत. २५ अंश सेल्सिअसला ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवली तर तिची सुमारें ९६ टक्के साठवणशक्ति शिल्लक राहते. पूर्ण भरलेली ठेवली तर सुमारें ८० टक्केच. ४० अंशांवर हेच आंकडे अनुक्रमें ८५ आणि ६५ होतात. नागपूर-अकोल्याकडे वैशाखांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि चालू असलेला फोन स्वतःहि तापतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे खिडकीशीं टांगलेल्या फोनची काय अवस्था होत असेल तें सांगावयास नको.

उपाय यांतूनच निघतात. पहिला आणि सर्वांत सोपा उपाय फोनच्या सेटिंगमध्येंच आहे. ॲपलच्या आयफोन १५ पासून पुढच्या फोनांत, तसेंच सॅमसंग व गूगल यांच्या अनेक फोनांत, ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय आहे. ती चालू करावी. जुन्या फोनांत ती नसेल तर भिंतीवरील प्लगला टायमर लावावा. आधीं एक दिवस पाहून घ्यावें कीं, बॅटरी ८० वरून ४० वर येण्यास किती वेळ लागतो व पुन्हां तितकी भरण्यास किती. मग त्या बेतानें टायमरच्या वेळा ठरवाव्या. बॅटरी शून्यावर मात्र जाऊं देऊं नये. तेंहि तिला बाधतेंच. दुसरी गोष्ट थंडाव्याची. फोनचें जाड आवरण काढावें, पडद्याचा उजेड कमी करावा, आणि फोन उन्हांत, शेगडीजवळ, उशीखालीं किंवा गादीवर कधींहि ठेवूं नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती सुरक्षिततेची आहे. महिन्यांतून एकदां फोन हातांत घेऊन त्याची पाठ व कडा तपासाव्या. टेबलावर ठेवल्यावर तो डोलूं लागला, किंवा कांच कडेनें सुटलेली दिसली, तर बॅटरी फुगली असें समजावें. त्याच क्षणीं प्लगचें बटण बंद करून तार काढावी. फोन दाबून सपाट करण्याचा किंवा टोचून वायु सोडण्याचा प्रयत्न हा आगीला आमंत्रण देण्यासारखा आहे. असा फोन भंगारवाल्याला किंवा कचऱ्याच्या डब्यांत न देतां अधिकृत दुरुस्तीकेंद्रांत किंवा संकलनकेंद्रांत पोंचवावा. भारतांत २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

रोज खिशांत फिरणाऱ्या फोनविषयीं इतकी चिंता करण्याचें कारण नाहीं. त्याची बॅटरी दिवसांतून चढते-उतरते, आणि शिखरावर फार वेळ थांबत नाहीं. काळजी घ्यावयाची ती भिंतीला बांधलेल्या फोनची. ज्याच्या भरंवशावर घरांतील वृद्ध माणूस एकटें ठेवलें जातें, तो फोन त्याच्या उशापासून थोडा दूर, मोकळ्या हवेंत, आणि थोडा रिकामाच असलेला बरा.