कंपवाताची सोबत – लेखांक ७ : स्वभावावर खापर

‘ह्यांनी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतली, म्हणूनच हे झालं ना?’ मागच्या लेखांकानंतर आलेल्या पत्रांत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. कुणाच्या पत्नीने विचारला आहे, कुणाच्या मुलाने, पण सगळ्यात जास्त वेळा स्वतः शुभार्थींनीच. (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. या लेखमालेत मी तेच शब्द वापरते.)

तापटपणामुळे, कुढत बसल्यामुळे किंवा नोकरीतल्या ताणामुळे कंपवात होतो, हे सिद्ध झालेलं नाही. मध्यमेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हा आजार होतो. त्या का मरतात याचे काही धागे हाती आहेत: वाढतं वय, काही जनुकीय बदल, काही कीटकनाशकांशी आलेला दीर्घ संपर्क. ‘शांत राहिले असते तर वाचले असते’ असं म्हणायला यात कुठेच आधार मिळत नाही. तरीही घराघरांत हे वाक्य बोललं जातं, आणि आधीच हात थरथरणाऱ्या माणसाला अपराध्यासारखं वाटायला लावतं. मला याचा राग येतो.

हे खापर जुनं आहे. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि पुढे पॅरिसच्या शार्कोने आजाराला त्याचं नाव दिलं. त्याच शार्कोने कारणांमध्ये ओल्या थंडीबरोबर मनाला बसलेला धक्काही धरला होता. १९१३ मध्ये कार्ल कॅम्प या अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने लिहिलं, की हे रुग्ण बहुधा कष्टाळू, नेकीने जगलेले असतात. मग एक चित्रच ठरून गेलं. वक्तशीर, काटेकोर, जपून खर्च करणारा, व्यसनांपासून लांब असलेला, ठरलेली वाट न सोडणारा माणूस म्हणजे कंपवाताचा माणूस. १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत या चित्राला थोडा दुजोराही मिळाला. नव्याची ओढ या रुग्णांमध्ये कमी दिसली.

पण आधी काय आणि नंतर काय? हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत बदल सुरू झालेले असतात. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता मागे लागते, झोपेत हातपाय झाडले जातात. आणि नव्याची ओढ, धोका पत्करण्याची हौस या गोष्टी डोपामिनवरही अवलंबून असतात. म्हणजे पन्नाशीत जो ‘जरा जपून वागायला’ लागला, त्याचा तो स्वभाव होता की येऊ घातलेल्या आजाराची चाहूल होती? कदाचित ज्याला आपण कारण म्हणत आलो, ते लक्षणच असेल.

हृदयविकाराच्या बाबतीतही असंच काहीसं घडलं आहे. फ्रीडमन आणि रोझेनमन या सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन हृदयतज्ज्ञांनी १९५९ मध्ये ‘टाइप ए’ची कल्पना मांडली: सतत घाईत, चढाओढीत, चटकन चिडणारा माणूस. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तिचा जोर ओसरला. आणि या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता, हे नंतर उघड झालं. हृदयविकार स्वभावामुळे होतो असं ठरलं, की सिगारेट दोषातून सुटते. माणसाच्या स्वभावाला दोष देणं दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीचं असू शकतं, एवढं यातून लक्षात ठेवावं.

मग ताणाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि भरपूर आहे. ताणाने आजार होतो हे सिद्ध नाही, पण त्या घटकेला लक्षणं वाढतात. डॉक्टर तपासताना हात मांडीवर सैल ठेवायला सांगतात. हात अगदी स्थिर असतो. मग ते म्हणतात, ‘शंभरातून सात वजा करत चला.’ त्र्याण्णव, शहाऐंशी... आणि अंगठा तर्जनीवर घासू लागतो, वैद्याने गोळी वळावी तसा, सेकंदाला चार ते सहा वेळा. इथे भीती नाही, भांडण नाही, फक्त वजाबाकी आहे. एवढ्याशा ताणाने जर हे होत असेल, तर बँकेत मागे रांग लागलेली असताना सही करायची म्हणजे काय होत असेल? नेदरलँड्समधल्या संशोधकांना असंही दिसलं, की मनावर असा भार असताना लेव्होडोपा या रोजच्या गोळीचा कंपावरचा गुणही कमी पडतो. तेव्हा लग्नाच्या हॉलमध्ये हात जास्त हलला, तर आजार बळावला असं समजून घाबरून जाऊ नये. घरी येऊन बसल्यावर तो पुन्हा कमी होतो.

स्वभाव खरा महत्त्वाचा ठरतो तो इथे, आजाराबरोबर रोज जगताना. चळवळ्या, घाईच्या माणसाची गोष्ट घ्या. आयुष्यभर त्याची अडचण जोर लावून सुटत आली. आता बेल वाजते. तो खुर्चीतून उठतो, चार पावलं भरभर टाकतो आणि दाराच्या चौकटीत त्याचे पाय जमिनीला खिळतात. बाहेरून कुरिअरवाला पुन्हा बेल मारतो. स्वयंपाकघरातून हाक येते, ‘अहो, उघडताय ना?’ टाचा उचललेल्या, गुडघे थरथरताहेत, कंबरेवरचं अंग पुढे निघालेलं आणि तळवे तिथेच. तो जितका जोर करतो तितकं अडकणं वाढतं, आणि पडणं होतं ते याच क्षणी. इथे उपाय त्याच्या स्वभावाच्या उलट आहे. पूर्ण थांबायचं, श्वास सोडायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, मग फरशीच्या पुढच्या सांध्याकडे बघून तो ओलांडायचा किंवा मनात ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत पाय उचलायचा. शुभंकराने त्या वेळी ओढू नये आणि ‘चला, चला’ही म्हणू नये. कुरिअरवाला थांबेल.

काटेकोर माणसाला गोळ्यांच्या वेळा पाळणं सोपं जातं. तिथे तोच स्वभाव उपयोगी पडतो. मनातलं सगळं गिळून टाकणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. चहा सांडेल म्हणून तो मित्रांकडे जाणं बंद करतो, तक्रार करत नाही, आणि घरच्यांना वाटतं, बरं चाललंय.

त्यातून चेहऱ्याची गफलत. या आजारात चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, पापण्या कमी लवतात, आवाज खाली जातो. नात कविता म्हणून दाखवते आणि आजोबा निर्विकार. ‘आजोबांना आवडलंच नाही,’ असं ती म्हणते. आजोबांना आवडलेलं असतं. सून म्हणते, सासरे तुसडे झालेत. यातलं बरंचसं स्वभावाचं नसून स्नायूंचं असतं. म्हणून घरात एक सवय लावून घ्यावी: चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा नाही, तोंडाने विचारायचं आणि उत्तरासाठी थोडं थांबायचं. अर्थात या आजारात खरं नैराश्यही येतं आणि ते पुष्कळांना येतं. त्याला उपचार आहेत, त्यामुळे ‘स्वभावच तसा’ म्हणून ते अंगावर काढू नये.

आता सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या गोळ्या डोपामिनची नक्कल करतात. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांना जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणं किंवा लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटणं, यांपैकी काही ना काही होतं; न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. उभी हयात पै-पै जपलेला माणूस रात्री दोनला मोबाइलवर ऑर्डरी देतो, ऑनलाइन रमीत पेन्शन घालवतो. घरात वादळ होतं, ‘म्हातारपणी हे काय सुचलं’ म्हणून त्याची लाज काढली जाते, आणि तोही लाजेने लपवू लागतो. हे गोळीमुळे झालेलं असू शकतं. अशी शंका आली की मेंदूतज्ज्ञांना स्पष्ट सांगा; त्यांनी गोळी कमी केली किंवा बदलली की बहुतेकदा हे ओसरतं. मात्र आपल्या मनाने गोळी एकदम बंद करू नका, त्याने तब्येत फार बिघडू शकते. आणि ही गोळी नव्याने सुरू होत असेल, तर शुभंकराने पहिल्या दिवसापासून बँकेच्या पासबुकावर नजर ठेवावी. तसं ठरलं आहे हे शुभार्थीला समोर बसवून सांगावं.

पुढच्या आठवड्यात लेव्होडोपाची गोळी, तिच्या वेळा आणि डाळ-दूध-पनीरचं जेवण यांचा मेळ कसा घालायचा ते पाहू.