डिझेल मोटार आणि तिची काजळी

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन प्रथम यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यात ठिणगीची योजना नाही. हवा जोराने दाबली की ती अतिशय तापते. तीत तेलाचा फवारा सोडला म्हणजे तो आपोआप पेट घेतो. तेल कमी लागते, परंतु काजळी पुष्कळ होते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, आणि नव्या डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळीची गाळणी आली. गाळणीत साचलेली काजळी इंजिनच सुमारे ६०० अंश उष्णतेने जाळून टाकते. मात्र त्यासाठी गाडी काही वेळ अखंड वेगाने धावावी लागते.

माझे घर शाळेपासून अवघे तीन किलोमीटर! काही महिन्यांतच समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला. मिस्त्री म्हणाला, “मास्तर, गाडी मडगावहून काणकोणापर्यंत नेऊन आणा.” त्याप्रमाणे केले, आणि वाटेतच दिवा विझला.

शेजारच्या एका तरुणाने गाडीला नवी आसने व दिवे बसविले. ती त्याची हौस. परंतु वेग वाढावा म्हणून गाळणीच काढण्याचा त्याचा विचार आहे. कायद्याला ते मान्य नाही. शिवाय डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. आणि त्याच्या गाडीमागे सकाळी आपल्याच शाळेची मुले चालत असतात. त्याला मी हे सांगितले आहे. त्याने अजून काही ठरविलेले नाही.

रोजचा प्रवास इतका थोडा असता, मी स्वतः डिझेल गाडी घ्यावयास नको होती.