‘शुगर किती?’ विचारण्याआधी

पोरगं शाळेतून येऊन दप्तर टाकतंय तोवर आई विचारते, “शुगर किती आली?” आकडा २६० असला की पुढचा प्रश्न ठरलेला: “काय खाल्लंस?” लोणावळ्यात राहत असाल तर पहिला संशय अर्थात चिक्कीवर. टाइप १ मधुमेह असलेल्या किशोरवयीन मुलांच्या घरातले निम्मे गैरसमज या दुसऱ्या प्रश्नात असतात.

साखर वाढली म्हणजे चोरून खाल्लं, असं नाही. वयात येताना वाढीची संप्रेरकं इन्सुलिनच्या आड येतात. या काळात दर किलो वजनामागे दिवसाला एक युनिटपेक्षा जास्त इन्सुलिन लागू शकतं. तोच इंद्रायणीचा भात, तेवढीच वाटी, तोच डोस, तरी आकडा वर. ताप, परीक्षेची धास्तीही भर घालते. गेल्या वर्षीचा सदरा आखूड व्हावा तसा डोस अपुरा झालेला असतो. तो डॉक्टरांना विचारून बदलायचा.

पण उलटतपासणी रोजचीच झाली की मुलं शहाणी होतात. वहीत १४० लिहितात, बोट टोचणंच टाळतात. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसीचा रिपोर्ट येतो आणि वही खोटी पडते. इथे पालकांचं भावनिक कौशल्य म्हणजे गोड बोलणं नव्हे. आपण रागावलोय की घाबरलोय, हे तोंड उघडण्याआधी ओळखणं. बहुतेक वेळा घाबरलेलोच असतो. “२६० का? बरं, आता काय करूया?” एवढ्यावर मूल पुढच्या वेळी खरा आकडा सांगतं, आणि खऱ्या आकड्याशिवाय डोस ठरत नाही.

“हे लाड कशाला, शिस्त लावा,” असं घरातली वडीलधारी म्हणतात. मधुमेहावरून जिथे जास्त भांडणं होतात, तिथे साखरेचं नियंत्रणही बिघडलेलं आढळतं, असं अनेक अभ्यास सांगतात. अर्थात भांडणानं साखर चढते की चढलेल्या साखरेनं भांडण पेटतं, हे वेगळं काढणं अवघड, बहुधा दोन्ही. उलट टोकही घातकच: “दहावीला आला, आता त्याचं तो बघेल.” जबाबदारी फार लवकर सोपवली की सुया चुकतात. बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातल्या संशोधकांनी १९९९ साली दाखवलं, की दोष न देता कामं वाटून घ्यायला शिकवलं तर पालकांचा सहभाग टिकतो आणि वादही कमी होतात. सुई त्यानं टोचावी, आपण शेजारी बसावं.

मावळात पाहुण्यांचा एक सल्ला हमखास येतो. कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ पासून लोणावळ्यात आहे, त्यामुळे “योग करा, इन्सुलिन सुटेल.” टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं नष्ट केलेल्या असतात, आसनांनी त्या परतत नाहीत. इन्सुलिन बंद केलं तर थोड्याच काळात रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं. इन्सुलिन पहिल्यांदा मिळालं ते १९२२ साली, टोरांटोतल्या १४ वर्षांच्या मुलाला. त्याआधी अशी मुलं वाचत नसत. योग जरूर करावा. खरं तर आकडा विचारण्याआधीचा एक दीर्घ श्वास आईबाबांनाच जास्त उपयोगी.

आणि चिक्की? गंमत अशी, की एरवी आरोपी असलेली चिक्की साखर उतरली की औषध म्हणून हातात दिली जाते. पण शेंगदाण्यातल्या स्निग्धांशामुळे तिची साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. ७० च्या खाली गेल्यावर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. पुण्याच्या लोकलनं क्लासला जाणाऱ्याच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी हवीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. साखर उतरलेलं मूल चिडचिडतं, उलट बोलतं. मेंदूला साखर कमी पडलेली असते. त्या वेळी “मोठ्यांशी असं बोलतात का?” म्हणत बसू नये. आधी पाण्यात साखर ढवळावी.